कॅरिअरवरचं फडकं

आण्णांच्या सायकलीच्या कॅरिअरला एक फडकं बांधलेलं असायचं. धुऊन धुऊन त्याचा मूळचा रंग कोणता, हे आईलाही सांगता येत नसे. सकाळी त्यात ज्वारीच्या तीन भाकरी, शेंगाची चटणी आणि एक कांदा जायचा. दुपारनंतर तेच फडकं दुसरं काहीतरी घेऊन यायचं. अंबाडीची जुडी, दोन वाळकं, हुरड्याच्या दिवसांत कुणीतरी मायेनं दिलेली चार कणसं. आण्णा टपाल वाटायचे. उमरग्यातून निघायचं, आडरस्त्यावरच्या चार-पाच खेड्यांना पत्रं आणि मनिऑर्डरी पोचवायच्या आणि दिवस बुडायच्या आत परतायचं, असा त्यांचा सत्तावीस वर्षांचा नेम. रोजचे पंचवीस-तीस किलोमीटर, काळ्या चोवीस इंची अ‍ॅटलासवर, आणि पावसाळ्यात मडगार्डमध्ये अडकलेली काळी माती काठीनं उकरत.

सायकल मीही चालवतो, जवळपास तेवढीच. माझी सायकल हलकी आहे, एकवीस गिअरची आहे आणि रस्ता डांबरी आहे. आण्णा चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेले, तोवर त्यांना साखरेची गोळी कधी घ्यावी लागली नाही. मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी घ्यावी लागली. हा फरक कुठून आला ते गेली चार वर्षं शोधतो आहे, आणि दर वेळी फिरून त्या फडक्यापाशीच येतो.

माझा जन्म 1973 च्या उन्हाळ्यातला. त्याच्या आदल्या पावसाळ्यात पाऊस झालाच नव्हता. आमच्या भागात आजही त्याला दुष्काळ म्हणत नाहीत, नुसतं ‘बहात्तर’ म्हणतात आणि सगळ्यांना कळतं. आण्णांना अजून नोकरी लागायची होती. आई-आण्णा दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. मजुरीबरोबर सुकडी मिळायची, रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो. त्याची भाकरी थापताना चिरायची, घशाखाली उतरायची नाही, असं आई सांगते. मी तिच्या पोटात होतो तेव्हा ती ऊन तापेपर्यंत हातोडा चालवायची. जन्मलो तेव्हा सुईण म्हणाली, “पोरगं ओंजळीत मावतंय की.” वजन किती होतं कुणालाच माहीत नाही, घरात काटा कुठला असणार? तो रस्ता पुढं पक्का झाला. सकाळी उमरग्यातून बाहेर पडलो की मी त्याच रस्त्यानं जातो. खाली डांबराच्या कितीतरी थरांआड आईनं फोडलेली खडी आहे हे मला प्रत्येक वेळी आठवतं असं नाही, पण चढावर दम लागला की आठवतं.

बहात्तर पाहिलेल्या घरात ‘पुरे’ या शब्दाला जागा नव्हती. पोटभर खाणं ही आमच्याकडं चैन नव्हती, सुटका होती. शेतातून, शाळेतून, कुठूनही दमून आलं की आईचं एकच वाक्य असायचं, “लई दमलास, खा की रं.” कष्टाचा आणि ताटाचा असा सरळ हिशेब मी लहानपणीच शिकलो. जितके हातपाय हलवले तितकं खायचा हक्क. आण्णांच्या बाबतीत तो हिशेब तंतोतंत जुळत होता, म्हणून त्यात चूक असेल अशी शंका मला पुढं चाळीस वर्षं आली नाही.

सायकल मी चौथीत शिकलो. आण्णा जेवून आडवे झाले की अ‍ॅटलास ओढत न्यायची आणि नळीखालून पाय घालून, एका कुशीवर कलून, अर्धं पायडल मारत गल्लीभर फिरवायची. सीटवर टांग पोचायला सहावी उजाडली. त्या दिवसांत सायकलीवरून घरी येणाऱ्या वस्तूंत सगळ्यात मोठी अपूर्वाई भज्यांची. बाजारच्या दिवशी आण्णा रद्दीच्या कागदात बांधलेली मिरचीची भजी हँडलला अडकवून आणायचे. आमच्या सीमेवरच्या मुलखाची ती खास भजी. जाड, फिक्या हिरव्या मिरचीला चीर देऊन, ओवा घातलेल्या बेसनात बुडवून तळलेली. तलमोडच्या पलीकडं कर्नाटक सुरू होतो, तिकडं आणि इकडं चव एकच. सोबत चुरमुऱ्यांचा सुशीला असेल तर सणच. आम्ही घरात पाच माणसं आणि भजी सहा. सहावं कुणाचं, यावरून आम्हा भावंडांत दर आठवड्याला रुसवेफुगवे व्हायचे. आठवड्यातून एकदा, एका माणसाला एक. हे प्रमाण कुणी वैद्यानं ठरवलेलं नव्हतं, आण्णांच्या खिशानं ठरवलेलं होतं.

आमच्याकडं भजीसारखंच ऐकू येणारं पण अगदी वेगळं असं आणखी एक खाणं आहे, भज्जी. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, धाराशिव-लातूरकडची गावं ओस पडतात आणि शेतं माणसांनी भरतात. कडब्याची कोप उभी करून त्यात पांडवांची पूजा होते. आंबिलाचं बिंदगं घोंगडीत गुंडाळून डोक्यावर न्यायचं. तूर, वाटाणा, हरभरा, वाल, पालेभाज्या, आंबट चुका, गाजर, शेतात आणि बाजारात त्या वेळी जे जे हिरवं असेल ते सगळं एकत्र शिजवून, थोडं बेसन लावून केलेली ती भज्जी. तिच्यासोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी. ओळखीपाळखीच्या दहा शेतांत जेवायचं, तरी संध्याकाळी पोट जड होत नसे. भज्जीचं पातेलं आण्णांच्या कॅरिअरवर त्याच फडक्यानं घट्ट आवळलेलं असायचं आणि मी मागून हात लावून चालायचो. एका जोडाक्षराच्या अंतरावर असलेले हे दोन पदार्थ. एक वर्षातून एकदाच येतो आणि पोटाला सुख देऊन जातो. दुसरा आता रोज सकाळी सहा वाजता कढईतून निघतो.

फडकं सगळ्यात जड झालं ते 1993 साली. 30 सप्टेंबरची पहाट, चारला चार मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. मी वीस वर्षांचा होतो. भूकंपानं उमरग्यात भांडी पडली, भिंतींना भेगा गेल्या. किल्लारी-सास्तूरकडं काय झालं आहे ते उजाडल्यावर जखमी येऊ लागले तेव्हा कळलं. जवळपास दहा हजार माणसं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. गल्लीतल्या बायकांनी त्या दिवशी सगळी पिठं बाहेर काढली. आण्णांच्या कॅरिअरवर आणि हँडलला बांधता येतील तेवढ्या भाकरी बांधून आम्ही चार पोरं सायकलींवरून सास्तूरच्या दिशेनं निघालो. नंतर पाऊस लागला. फडक्यातून पाणी गळत होतं. एका म्हातारबांच्या हातात भाकर दिली, ते तिच्याकडं नुसते बघत राहिले, तोंडाजवळ नेली नाही. त्या दिवसाबद्दल मी एवढंच सांगू शकतो.

पुढं मी शिक्षक झालो, मोटारसायकल आली आणि सायकल कोपऱ्यात गेली. पंधरा वर्षांचा हा काळ सांगण्यासारखा नाही. चाळिशीत जिना चढताना धाप लागली तेव्हा घाबरून गिअरची सायकल घेतली आणि महिन्याभरात पुन्हा तिच्यात गुंतलो. पहाटे पाचला निघायचं. जकेकूर चौरस्ता, पुढं दाळिंब, येणेगूरकडं, किंवा उलट दिशेनं तुरोरीकडं. सोलापूर-हैदराबाद महामार्ग आता चार पदरी आहे, कडेनं चांगली जागा मिळते. बालाघाटचं ते उघडं पठार, पौष-माघातला समोरून अंगावर येणारा गार वारा, डाव्या हाताला तुरीच्या पिवळ्या फुलांवर पडणारं पहिलं ऊन. हे ज्यांनी सायकलीवरून पाहिलं नाही त्यांना कसं सांगू? मोटारीच्या काचेतून दिसतं तो रस्ता, सायकलीवरून दिसतो तो मुलूख.

हळूहळू आम्ही सात-आठ जण जमलो. शिक्षक, एक दुकानदार, एक बँकेतले, दोन शेतकरी. रविवारी नळदुर्ग, जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर. किल्ल्यातल्या बोरी नदीच्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळताना पाहायचे आणि परतायचं. आणि रोजच्या फेरीचा शेवट ठरलेला, रस्त्यालगतचं हॉटेल. मिरची भजी, वडे, सुशीला, बशीत ओतून प्यायचा गोड दाट चहा, शनिवारी जिलेबी. कुणी सांगितलं असतं की एवढं तळकट रोज बरं नव्हे, तर आमचं उत्तर तयार होतं. “पंचवीस किलोमीटर मारून आलोय.” आईच्या वाक्याचंच ते नवं रूप होतं. दमलोय, म्हणजे हक्क आहे. वजन वाढत नव्हतं. हातापायांचे स्नायू दोरीसारखे होते. पोट थोडं पुढं होतं, ते वयाचं म्हणून सोडून दिलं होतं.

2021 मध्ये कोविडनंतर शाळेतल्या काही सहकाऱ्यांनी तपासण्या केल्या म्हणून मीही केल्या. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा 7.2. साडेसहापासून वर तो मधुमेह. रक्तातली चरबी, ट्रायग्लिसराइड्स, दीडशेच्या आत असायला हवी ती 290. कागद हातात घेऊन मी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो आणि बाहेर माझी सायकल उभी होती. त्या सायकलीनं मला फसवलं असं त्या क्षणी वाटलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “सायकल नसती तर हे बहुधा काही वर्षं आधी आलं असतं. तिनं तिचं काम केलं. तुम्ही तिच्यावर दुसऱ्याचं काम टाकलंत.”

दुसऱ्याचं काम म्हणजे काय, ते समजून घ्यायला मी वाचू लागलो. पहिल्यांदा भेटले जेरी मॉरिस. 1953 मध्ये या ब्रिटिश डॉक्टरनं लंडनच्या दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर जिना चढ-उतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी आणि बसून राहणाऱ्या चालकांना जास्त, असं त्यांना आढळलं. त्याच अभ्यासात त्यांनी टपालखात्यातली माणसंही तपासली होती. पायी आणि सायकलीवरून पत्रं वाटणारे पोस्टमन, टेबलापाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. हजारो मैलांवरच्या एका माणसानं, माझ्या जन्माच्या वीस वर्षं आधी, आण्णांविषयी लिहून ठेवलं होतं. पण तो अभ्यास ताटाबद्दल काही सांगत नव्हता. ते सांगणारं काम 2022 मध्ये आलं. सिडनीच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या 3 लाख 46 हजारांहून अधिक लोकांची सुमारे अकरा वर्षांची नोंद पाहिली. भरपूर व्यायाम करणाऱ्यांनाही वाईट आहाराचं नुकसान पूर्णपणे पुसता येत नाही, दोन्ही चांगलं असणारेच सगळ्यात कमी दगावतात, असा त्याचा निष्कर्ष.

मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. माझ्या वजनाच्या माणसाची सव्वा तासाची सायकल म्हणजे साडेपाचशे-सहाशे कॅलरी. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात 120. चार भज्यांनी तीन चमचे तेल पिलं असेल तर फक्त तेलाच्याच 360. बेसन वेगळं, पाव वेगळा, दोन चहांची साखर वेगळी. सव्वा तासात कमावलेलं दहा मिनिटांत फिटत होतं, वर उधारी. पण कॅलरींचा हा हिशेबही अर्धाच. सायकल मारल्यावर मांडीचे स्नायू इन्शुलिनची फार वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेऊ लागतात आणि पुढं दिवसभर तरी ते इन्शुलिनला जास्त दाद देतात. फेरी संपल्यावर शरीर असं दार उघडून भरून घ्यायला आतुर असतं. त्या दारातून मी रोज काय आत सोडत होतो? पंचवीस किलोमीटरला मधे काही खायची गरजही नसते. स्नायूंत साठवलेली साखर दीड-दोन तास सहज पुरते. नळदुर्गच्या फेरीला खायला लागतं, ते खरं. रोजच्या सकाळी मला लागत होती ती भूक शरीराची कमी आणि त्या बाकाची जास्त होती. चार माणसांत बसायची, हसायची भूक. तिला मी आजही खोटी म्हणणार नाही.

सगळ्यात खोल लागलं ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचं छायाचित्र छापून आलं. दोघांची उंची-वजनाची पट्टी सारखीच, बीएमआय 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्यात 21.2. बाहेरून बारीक, आतून मेदाचा, असा आपल्याकडचा देह. याज्ञिकांनी याची मुळं गर्भात शोधली. आईच्या पोटात उपासमार झाली की बाळ स्नायू कमी आणि चरबी जपून घेऊन जन्मतं, आणि पुढं सुबत्ता आली की तेच शरीर साखरेपुढं लवकर हार मानतं. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांवरचा त्यांचा मोठा अभ्यास सुरू झाला तो 1993 मध्ये, आमच्या भूकंपाच्या वर्षी. माझ्या बाबतीत तसंच घडलं असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. पण ओंजळीत मावणारं पोर, लाल मिलो आणि खडीवरचा हातोडा हे एका ओळीत येऊन उभे राहिले, आणि मला माझ्या पोटाचा राग येणं बंद झालं. दुष्काळात जन्मलेल्या शरीरानं पुढच्या दुष्काळाची तयारी करून ठेवली होती. तो आला नाही, हॉटेल आलं.

आण्णा आणि मी यांच्यात आणखी एक गोष्ट बदलली, ती आमच्या शिवारात. आण्णांच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना ज्वारी आणि करडई असायची. घरात करडईचं घाण्याचं तेल, तेही बाटलीत मोजून. उडदाचं घुटं, हुलग्याचं माडगं, ज्वारीची भाकर, हे सगळं याच मातीतलं. नव्वदनंतर सोयाबीन आलं, मग पाणी दिसेल तिथं ऊस. करडई तर आता शोधावी लागते. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून येतं, त्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाचा. ते स्वस्त आहे म्हणूनच महामार्गावरच्या कढया दिवसभर पेटलेल्या राहू शकतात. आण्णांचं आठवड्याचं एक भजं माझी रोजची चार भजी झाली, ती मी हावरा झालो म्हणून नाही. ती मला परवडू लागली. माझी सायकल आण्णांची होती, फडकं मात्र बाजाराचं झालं होतं.

हे सगळं मला कळलं, आईला कसं सांगायचं ते कळेना. ती आता बहात्तर-त्र्याहत्तरची आहे. “माय, भात नको, एकच पोळी” असं म्हटलं की तिचा हात वाढता वाढता थांबायचा आणि चेहरा उतरायचा. जिनं मिलो खाऊन मला वाढवलं तिला वाढू नको म्हणणं, यासारखं अवघड वाक्य मी आयुष्यात उच्चारलेलं नाही. सहा महिने घरात अबोला नव्हता, पण ताटापाशी एक शांतता असायची. बायकोनं समजावलं, मुलीनं मोबाइलवर चित्रं दाखवली. आई ऐकून घ्यायची, काही बोलायची नाही.

मग एका पहाटे मी टायरमध्ये हवा भरत होतो तेव्हा ती बाहेर आली. हातात आण्णांचं फडकं. इतकी वर्षं तिनं ते कुठं जपून ठेवलं होतं, कोण जाणे. आत दोन भाकरी, शेंगाची चटणी आणि वाटीभर मटकीची उसळ. गिअरच्या सायकलीला कॅरिअर नाही हे बघून ती जरा थबकली, मग हँडलला गाठ मारली, आण्णा मारायचे तशी दुहेरी.

“हाटेलात काय बी मिळू दे,” ती म्हणाली, “आधी हे खा.”

कमी खा, असं ती म्हणाली नाही. ते तिच्यानं म्हणवणार नाही.

हॉटेलच्या बाकावर फडकं उघडलं तेव्हा गडी हसतील असं वाटलं होतं. मालकांनी आतून एक कांदा आणला, बुक्कीनं फोडला आणि पुढं ठेवला. दुकानदार मित्रानं न विचारता भाकरीचा चतकोर मोडला. पुढच्या आठवड्यात दोन फडकी आली, आता बहुतेक दिवस चार असतात. शेतकऱ्यांपैकी एकानं यंदा रानाच्या कडेला चार ओळी करडई टाकली आहे, तेल गाळून आणतो म्हणाला आहे. भजी बंद झालेली नाहीत. शनिवारी एक बशी मधे येते आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक येतं. परवा सात जण होतो आणि भजी आठ. आठवं कुणीच उचलेना. कागदात बांधून घेतलं, हँडलला अडकवलं आणि आईसाठी घेऊन आलो.